गोदूबाईच्या गांधी आणि कोकम सरबत

गोदूबाईच्या हातची तांदळाची भाकरी खायला माणसं गडावर जाणाऱ्या रोपवेची रांग सोडून हिरकणीवाडीतल्या तिच्या छोट्या हॉटेलात यायची. पण २००३च्या हिवाळ्यात एका पाहुणीने तिच्या हातावरच्या लालबुंद गांधी पाहिल्या आणि ताट तसंच सरकवलं. त्या दिवसापासून गोदूबाई चुलीमागे गेली. पुढे वाढायला सून, संजीवनी.

अंगावर पित्त उठायला लागून दोन वर्षं झाली होती. उपाय वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक तेच: अंगाला आमसुलाचं पाणी आणि पोटात कोकम सरबत. सरबत हॉटेलातलंच, त्यामुळे खाज सुटली की पेला भरायचा. "पित्ताला थंड लागतं गो," असं ती सुनेला सांगायची. मासळी तर कधीच सोडली होती.

शेवटी संजीवनीने तिला एसटीत घालून महाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गांधी पाहिल्या, वजन केलं आणि कमरेला टेप लावली.

"पोलकं शिवताय का काय?" गोदूबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "दिवसात सरबत किती, मावशी?"

"सात-आठ पेले. जास्त नाय."

"साखर घालून?"

"बिनसाखरेचं सरबत गळ्याखाली जातंय होय?"

रक्त तपासलं, तर साखर चांगलीच वाढलेली. "पोटातलं पित्त वेगळं आणि अंगावर उठतं ते वेगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन आणि साखर वाढली की आत सूज धुमसत राहते. काही जणांच्या गांधी मग लवकर हटत नाहीत. गांधींवर गोळी देते ती रोज घ्या, गोड बंद करा, चाला. मासळीचा मात्र दोष दिसत नाही, खा."

"आणि हे दुसऱ्याला लागतं?"

"मुळीच नाही. खुशाल वाढा."

"पुन्हा एकदा बोला," गोदूबाई म्हणाली आणि सुनेकडे वळली, "ऐकलंस ना गो?"

तेव्हापासून तिच्या पेल्यात बिनसाखरेचं कोकम, नुसतं मीठ-जिरं घातलेलं. पहिला आठवडा तोंड वाकडं झालं. रोज संध्याकाळी रोपवेपर्यंत चालत जाऊन यायचं. चार महिन्यांत पाच किलो उतरले आणि गांध पंधरवड्यातून एखादीच उठू लागली.

एका रविवारी ती बाह्या वर करून पुढे वाढायला उभी राहिली. मनगटावर नेमकी एक गांध होती. गिऱ्हाइकाची नजर तिथेच अडकली.

"पित्त हाय, दादा. कुनाला लागत नाय, डॉक्टरीणबाय बोलली," गोदूबाई म्हणाली. "भाकरी देऊ?"

त्याने ताट पुढे केलं. "दोन द्या."