बंधाऱ्याअलीकडचा अबोला

माझ्या मावशीला पाण्याची भीती आहे. बादली काठोकाठ भरली तर ती आधी दोन मग ओतून देते आणि मगच आंघोळीला बसते. बस पुलावर चढली की डोळे मिटते. आणि हिचा जन्म गेला बसस्थानकावर. एकतीस वर्षं ती चौकशीच्या खिडकीमागे माइकवर होती. कुठली बस, कुठला फलाट, किती उशीर. साऱ्या गावाला तिचा आवाज पाठ. सोबतचे तिला 'भोंगा' म्हणायचे आणि ती खुशाल ओ द्यायची.

काका तिच्या अगदी उलट. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना उभं राहावं लागे. एका डोळ्याला भिंग, बोटांत चिमटा, तोंडात मिठाची गुळणी. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोकडे कधी काही मागितलं नाही. म्हणून दुकान बंद केल्यावर ते जेव्हा म्हणाले, "एक शिडाची होडी बघितलीय. महिनाभर नदीवर राहू, दोघंच," तेव्हा मावशीच्या तोंडातून "बरं" निघून गेलं.

होडीचं नाव तिनंच ठेवलं, 'कासव'. आत एक खाट, एक शेगडी, एक फळी. खाट एवढी चिंचोळी की एकानं कूस बदलली की दुसऱ्यालाही बदलावी लागे. पहिले दोन दिवस मावशीनं कमरेला दोर बांधून दुसरं टोक डोलकाठीला अडकवलं होतं.

"गाय आहेस का तू?" काका म्हणाले.

"गाय पोहते. मी नाही पोहत."

तिसऱ्या दिवशी दोर सुटला, कारण काका बोलायला लागले होते. सकाळी शीड चढवायचं, पोरवयात होडी हाकलेल्या काकांनी सुकाणूशी बसायचं, मावशीनं समोर पाण्याच्या निळ्या कॅनवर. मग काका विचारायचे, "हं, काय काय दिसतंय? सांग."

"काय दिसणार? झाडं."

"कुठल्या हाताला?"

"डाव्या. तीन आहेत, एक पाण्यात वाकलंय. एक बाई सतरंजी झटकतेय. पुढे उजवीकडे दगडांची रांग, बगळा बसलाय बघा त्यावर."

"बराच लांब आहे ना बगळा?"

"आपल्या घरापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीइतका."

काका हसायचे आणि होडी हलकेच डावीकडे सरकायची. मावशी मला म्हणाली, "चौतीस वर्षं हा माणूस माझं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडत होता. आणि आता म्हणतो, अजून सांग. मला वाटलं, म्हातारपणी प्रेमात पडला."

बाकीचंही तिनं पाहिलं होतं, पण नुसतं पाहिलं. चहा ओतताना काका कपाच्या काठाआत बोट धरत. तिला वाटलं, होडी हलते म्हणून. वर्तमानपत्र तिच्याकडे देत, "तू वाच, तुझा आवाज चांगला." दाढी करताना गालावर एक पट्टा तसाच राही. तिला वाटलं, सुट्टीचा आळस.

नवव्या दिवशी ते एका गावाच्या धक्क्याला लागले. धक्क्यावरच्या माणसानं नीट बजावलं, "उद्या पुढे बंधारा लागेल. त्याच्या अलीकडे दोन पिंपं तरंगतात, डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवं. मधूनच जायचं, म्हणजे बाजूच्या कालव्यात शिरता. हिरव्याच्या बाहेरून गेलात तर सरळ बंधाऱ्यावर. पलीकडे दोन माणसांच्या उंचीएवढं खाली दगड आहेत." मावशीनं ते शब्द घोकून ठेवले. बाजारात भाजी घेतानाही तिच्या डोक्यात बंधाराच होता, म्हणून धीर यावा असं काहीतरी तिनं करून टाकलं. समोरच्या केस कापायच्या दुकानात शिरून कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून घेतले.

होडीवर आली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कांदे मिळाले?"

संध्याकाळ गेली. सकाळ झाली. चहा झाला. शेवटी तिनंच विचारलं, "माझ्यात काही वेगळं दिसतंय का?"

काका दचकले. मग म्हणाले, "तुझ्यात काय वेगळं असणार? आहेस तशीच छान आहेस."

झालं. मावशी मला म्हणाली, "तुला सांगते, दुसऱ्या बाईकडे बघितलं असतं तरी परवडलं असतं. इथे माझ्याकडेच बघत नव्हता."

तिनं अबोला धरला. अंगावरची शाल कॅनवर टाकली आणि पार पुढे, होडीच्या टोकाला जाऊन पाठ फिरवून बसली. पाण्याच्या एवढ्या जवळ ती कधी बसली नव्हती. राग भीतीपेक्षा मोठा होता, एवढंच.

वारा मागून होता, शीड फुगलं होतं.

"काय दिसतंय गं?" मागून काका.

ती गप्प.

"झाडं कुठल्या हाताला आहेत?"

गप्प.

मग तिला तो आवाज ऐकू आला. एकसारखा, जाड, पीठ दळल्यासारखा. पुढे नदी एका सरळ रेघेत संपत होती आणि रेघेपलीकडे नुसतं आकाश होतं. बंधारा. लाल पिंप दूर डावीकडे होतं. हिरवंही डावीकडेच. होडीचं टोक हिरव्याच्या बाहेरून चाललं होतं.

 पण तिच्या डोक्यात काय आलं? "मला बोलतं करायला मुद्दाम करतायत. वळवतील शेवटच्या क्षणी. बघू कोण आधी हरतंय."

आवाज वाढला. फळीवरचे कप किणकिणायला लागले. रेघेवरून उडणारे तुषार दिसायला लागले. तिनं मान वळवली.

काका पुढे झुकले होते. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात सुकाणूवर. आणि ते बोलत होते. कॅनशी. तिच्या शालीशी.

"चुकलं माझं. काय चुकलं ते नाही कळलं, पण चुकलं. पिंपं आली का, एवढं सांग. मग पुन्हा रुसून बस."

मावशी दहा पावलांवर, भर उन्हात, त्यांच्यासमोर होती. ते शालीची समजूत काढत होते.

तेव्हा तिला कळलं. बोट, वर्तमानपत्र, गालावरचा पट्टा, केस, सगळं एकदम कळलं. तोंड उघडलं तर आवाज नाही. एकतीस वर्षांत कधी न बसलेला तो आवाज बसला होता. तिनं डोलकाठी धरली, एक श्वास घेतला, आणि डोळ्यांपुढे माइक आणला.

"डावीकडे वळवा. पूर्ण. आत्ता."

सुकाणू फिरलं. "शीड फिरून येतंय, मान खाली घाला. अजून डावीकडे. अजून. पिंप उजव्या हाताला आहे, लागणार आहे, घाबरू नका, सोडू नका." होडी कलली. हिरवं पिंप उजव्या कुशीला घासत, करकरत गेलं. "आता सरळ. तसंच. तसंच धरा." कालव्याच्या दोन्ही भिंती जवळ आल्या आणि पाणी एकाएकी शांत झालं. मावशीनं स्वतःच्या हातानं नांगर टाकला आणि तिथेच खाली बसली. 

तिथूनच तिनं विचारलं,

"किती दिसतं तुम्हाला?"

"उजेड दिसतो. माणूस हलला तर कळतं. बाकी धुकं."

"कधीपासून?"

"दुकान त्यामुळेच बंद केलं. तेव्हा बरं होतं. निघालो तेव्हाही याच्यापेक्षा बरं होतं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं? मला पोहता येत नाही, देवमाणसा."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?" काका म्हणाले. "उरलंसुरलं दिसतंय तोवर एकदा तुझ्याबरोबर यायचं होतं. मग वाटलं, तू तर बोलतच असतेस. तू गप्प बसशील असं स्वप्नातही नव्हतं."

तिला रडू आलं की हसू, ते तिलाही सांगता येईना. ती जवळ सरकली. काकांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला, वेणी शोधत खाली आणला आणि मानेपाशी थांबवला. तेच हात, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे. टोकं एकेक करून तपासली.

"मागून डावीकडे जरा तिरपं कापलंय," ते म्हणाले.

परत यायला आठ दिवस लागले. सुकाणू मावशीकडे, शिडाचे दोर काकांकडे. त्यांच्या बोटांना दोरांची सवय होती, वारा त्यांना कानानं कळायचा.  पुन्हा बंधाऱ्याअलीकडून जाताना तिचे दात वाजत होते आणि काका एकसारखे सांगत होते, "आवाज मागे पडतोय. अजून मागे. डोळे उघडे आहेत ना तुझे?"

हे सगळं तिनं मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं, कप दोन्ही हातांनी धरून.  उजेड अजून किती दिवस दिसेल, ते डॉक्टरांना सांगता येत नाही.

"मग होडी विकणार?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात निघतोय," मावशी म्हणाली.

"आणि भांडण झालं तर?"

आतल्या खोलीतून काकांनी उत्तर दिलं. "आधी नांगर टाकायचा, मग अबोला. ठरलंय आमचं."