गिराम सरांनी न पुसलेलं फोल्डर

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही – गिराम सरांना तर नाहीच. आणि आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. माझं मन जड कधी झालंच नव्हतं. मजेत होते मी.

परभणीतल्या आमच्या कॉलेजात आम्ही काही प्राध्यापक दर शनिवारी दुपारी संगणक कक्षात जमायचो. व्हिडिओ धडे कसे करायचे, ऑनलाइन चाचणी कशी घ्यायची – एकमेकांकडून शिकायचो. म्हणजे, बहुतेक जण माझ्याकडून. मी रसायनशास्त्राची, पण त्या खोलीत माझा शब्द शेवटचा. आवडायचं मला ते. का नाही आवडणार?

गिराम सर वनस्पतिशास्त्राचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. माउस हवा तिथं थांबायचाच नाही. पण चारठाण्याला आपल्या शेतात जाऊन त्यांनी मोबाइलवर गवतं टिपली, शेंगा टिपल्या, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी टिपल्या. आपल्या आवाजात वीस धडे केले. मुलांना ते माझ्या धड्यांपेक्षा जास्त आवडले. हेही सांगून टाकते.

सगळ्यांचे धडे कक्षातल्या एकाच संगणकावर, ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये ठेवलेले. एका शुक्रवारी जागा कमी पडतेय म्हणून मी सरांचं फोल्डर जुनी प्रत समजून पुसलं. वर संगणकातली कचरापेटीही रिकामी केली – उघडून न बघता.

शनिवारी धडे सापडेनात. मला लगेच कळलं. तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, “माझ्याच हातून झालं असंल, मॅडम. काल मी लय बटनं दाबीत बसलो होतो.”

मी गप्प राहिले? तेवढंच असतं तर! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “होतं असं, सर. मनाला लावून घेऊ नका.” किती समजूतदार वाटले असेन मी सगळ्यांना.

मोबाइलमध्येही काही उरलं नव्हतं. धडा वर चढवला की फोनमधला काढून टाकायचा – मीच शिकवलं होतं.

पुढच्या शनिवारी सर आले नाहीत. नंतर कधीच आले नाहीत. उरलेली दोन वर्षं खडू-फळ्यावर काढली. आता पूर्णेला असतात, मुलगा रेल्वेत आहे. मागच्या महिन्यात परभणीच्या बाजारात सुनेबरोबर भेटले, तर तिला म्हणाले, “ह्या मॅडमनी लय जीव लावून शिकवलं. आमालाच जमलं न्हाई.” मी हसले. ऐकताय ना? हसले मी.

वय, नोकरी, भीती – असलं काही माझ्या बाजूनं मांडू नका. मला सगळं कळत होतं.

रविवारी पूर्णेला जातेय. हे लिहिलेलं सरांना वाचून दाखवणार – सुनेसमोर. सोमवारी कॉलेजच्या ग्रुपवर टाकणार. मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या.