वाळूवरची पाटी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या रंगाचा डबा आणि दोन ब्रश पिशवीत टाकून मी पूर्णेवर गेलो होतो. नदीतली माझी एक पाटी उन्हानं फिकी पडली असेल, जरा हात फिरवून यावं, एवढाच विचार...

पाट्या रंगवणं हा माझा धंदा. परतवाड्यात छोटं दुकान आहे. फ्लेक्स आल्यापासून हातानं रंगवलेली पाटी फारसं कोणी मागत नाही, म्हणून अमरावतीच्या डॉक्टरसाहेबांनी नदीसाठी पाट्या सांगितल्या तेव्हा खरंच आनंद झाला.

अमरावती-अकोल्याच्या काही मंडळींनी पूर्णेवर नावेची वाट आखायला घेतली आहे. पोथ्यांमध्ये हिला पयोष्णी म्हणतात. आमच्या पट्ट्यात मधे बंधारा नाही, नदी अजून आपल्या मनानं वाहते. लहान नावेत बसायचं, वल्हं मारत एका घाटावरून दुसऱ्या घाटाला जायचं, मधे विसाव्याला थांबे. ते शोधायला दिवाळीत आम्ही नदीतून फिरलो होतो.

त्यातली एक जागा मीच सुचवली. पात्राच्या मधोमध वाळूचं स्वच्छ बेट, समोरच्या काठावर महादेवाचं जुनं देऊळ. वाळूवर बसलं की पायऱ्यांसकट थेट दर्शन... सगळ्यांना आवडली. मी पाटीच्या मागे खडूनं 'श्री' काढला आणि पुढे माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, 'विश्रांती थांबा'. त्याच आठवड्यात ती वाळूत रोवली.

पण त्या सकाळी बेट ओळखूच येईना. वाळूत रांगेनं आळी, आळ्यांत शेणखत आणि कोवळे वेल. वाऱ्याला आडोसा म्हणून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण. आणि बरोब्बर मधे माझी पाटी!

साठीची एक बाई तांब्यानं वेलांना पाणी घालत होती. वेणूमावशी, हे नाव नंतर कळलं. माझ्या हातातला ब्रश बघून म्हणाली, "हे पाटी तुमीच गाडली का?"

मी जरा अभिमानानंच हो म्हणालो.

"मंग तुमालेच शोधून राहिली होती मी. काहून गाडली माह्या डांगरात?"

डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. दरवर्षी पूर ओसरला, पाणी उतरलं की मावशी या वाळूवर वाडी, म्हणजे वेलांची लागवड करते. नदी वाळू हलवते, तशी वाडीही हलते. सातबारा नाही, कागदावर ही जमीन कुठंच नाही. आम्ही आलो तेव्हा पेरणी व्हायची होती, म्हणून आम्हाला बेट मोकळं दिसलं.

आदल्या रविवारी पाटी वाचून दोन नावा तिथं उतरल्या. लोकांनी पोहे खाल्ले, फोटो काढले आणि दहा-बारा आळी तुडवली.

"तुमी बोलल्या नाही त्यायले?" मी विचारलं.

"त्यायले काय बोलू? बिचारे पाटी वाचून आले. दोष लिवनाऱ्याचा."

"मंग उपटून फेकाची ना पाटी."

"सरकारी असन म्हून हात नाही लावला, बाप्पा. उद्या मलेच उपटतीन."

एवढं सुनावून तिनं मला झिऱ्याचं पाणी दिलं. आमचा खारपाणपट्टा, विहिरी खाऱ्या. वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी मात्र गोड.

मी देवळाकडे बोट दाखवलं. म्हटलं, मावशी, इथून दर्शन चांगलं होते, म्हणून ही जागा धरली.

ती हसली. "दर्सन पान्यातूनबी होते, पेंटरभाऊ. डांगर पान्यात नाही होत."

घरी येऊन डॉक्टरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, नकाशा छापून झालाय, एवढा मोसम जाऊ द्या, बाईंना जरा सरकून घ्यायला सांगा. मी 'बघतो' म्हणालो... आणि आठ दिवस काहीच केलं नाही.

खरं सांगतो, नकाशा हे निमित्त होतं. इतक्या वर्षांत इतकी देखणी पाटी माझ्या हातून झाली नव्हती, ती उपटवेना. पण रोज सकाळी देवापुढे दिवा लावला, डोळे मिटले, की ते तुडवलेले वेल दिसायचे.

काल सकाळी पुन्हा फोन केला. म्हटलं, साहेब, विचारत नाही, सांगतोय. पाटी काढायला निघालो. ते म्हणाले, "बरं... नकाशांवर मी पेनानं दुरुस्ती करतो."

देवळाच्या घाटावरून नाव घेतली. पाटी उपटली आणि खड्डा बुजवायला वाकलो, तर मावशी ओरडली, "राहू द्या तो! आयताच खोल खंदला तुमी." तिनं त्यात शेणखत भरलं, तीन बिया टाकल्या. "हे डांगर तुमचं. फिक्कं निघालं तं मले नाव नका ठेवू."

पाटी नावेत आडवी टाकून प्रवाहाविरुद्ध अर्धा किलोमीटर वर नेली. घाम निघाला. तिथं काळ्या मातीचा उंच काठ आहे, बाभळीची सावली आहे. देऊळ दिसत नाही. फावड्यानं पाच पायऱ्या काढल्या, पाटी रोवली आणि खाली दोन ओळी वाढवल्या... 'पुढे वाळूवर वाडी आहे, उतरू नये. दर्शन पाण्यातून घ्यावे.'

परत येताना देवळासमोर वल्हं थांबवलं. नाव हळूहळू वाहत होती, मी हात जोडले.

वाळूवरून हाक आली, "झालं का दर्सन?"

झालं, मावशी. अगदी नीट झालं.