सांडपाण्यावरची कर्दळ

रूबेनमामा गेल्याचा फोन मला पेताह तिक्वा शहरातल्या हॉस्पिटलात, मी कामावर असतानाच आला. पलीकडून मामाची मुलगी रिना हिब्रूत बोलत होती. "केव्हा?" मी मराठीत विचारलं. "काल संध्याकाळी. वाफ्याजवळ बसलेलेच सापडले," ती हिब्रूतच म्हणाली.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. कोकणातून मुंबईमार्गे आम्ही या देशाच्या दक्षिणेतल्या एका शेतकरी वसाहतीत आलो आणि दोनच वर्षांत मामी गेली. वसाहतीचं सांडपाणी तेव्हा उघड्या चरातून वाहायचं. वासाने दारं लावून घ्यावी लागत. "गावाकडे मोरीच्या पाण्यावर कर्दळ कशी माजायची, आठवते ना गो?" मामा मला म्हणाला. त्याने वसाहतीच्या कमिटीपुढे तेच मांडलं, तर कमिटीवाले हसले. त्याने मात्र अख्खा हिवाळा एकट्याने खणलं. आधी गाळ बसायला टाकी, पुढे खडीने भरलेला लांब वाफा, आणि त्यात कर्दळीचे कंद. उन्हाळ्यात वाफा लाल-पिवळ्या फुलांनी भरला आणि दुसऱ्या टोकाला पाणी बिनवासाचं निघालं. लोकांनी दारं उघडली. वास कुणी घालवला, हे कुणाच्याच तोंडी आलं नाही.

शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या, आधी मामा ती फुलं घरोघर द्यायचा. लोक हसून घेत, आणि तो वळला की टाकून देत. गटारातली फुलं! मीही तेच करत होते... एकदा मी कचऱ्याच्या डब्यात फुलं टाकत असताना तो विसरलेला चष्मा न्यायला परत आला. डब्याकडे बघत क्षणभर उभा राहिला. "राहू दे गो," म्हणाला, "उन्हाने कोमेजलीच होती." पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्यानंतर कुणाच्याच दारी गेला नाही. माफी मागायची म्हणत राहिले. मग माझं लग्न झालं, वसाहत सुटली, आणि ते राहूनच गेलं.

मामाच्या तिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी वसाहतीत गेले, तेव्हा रिना मला वाफ्यावर घेऊन गेली. आता सुकलेली पानं कापणारं कुणी नव्हतं, तरी फुलं होतीच.

"आबा ह्याला काय म्हणायचे?" तिने हिब्रूत विचारलं.

"कर्दळ."

"कर्दल."

"ळ... कर्दळ."

तिने तीनदा म्हणून पाहिलं. जमेना, तशी ती रडू लागली. संध्याकाळच्या बसने मी परत निघाले. मामाच्या त्या वसाहतीत आता हा शब्द नीट म्हणणारं कुणीच उरलं नव्हतं.