घराच्या चार बाजू

आमच्या कलाशाळेतले सर मध्यंतरी एका समारंभात म्हणाले म्हणे, "इमारतीचे फोटो चारी बाजूंनी घ्यायला त्याला मी शिकवलं." त्याला म्हणजे मला. ही बातमी मला तिघांनी वेगवेगळ्या दिवशी सांगितली आणि तिन्ही दिवस मला जेवण गोड लागलं नाही. सर आता थकलेत. त्यांच्याशी भांडायला गेलो तर लोक मलाच नावं ठेवतील. म्हणून भांडत नाही, लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी फोर्टातल्या एका कलाशाळेत फोटोग्राफी शिकत होतो आणि राहत होतो वाशीला. नवी मुंबई तेव्हा नवी म्हणजे अगदीच नवी होती. रेल्वे नव्हती; खाडीपुलावरून बस, मग दुसरी बस. शेवटच्या वर्षाला एका इमारतीचे फोटो काढून सादर करायचे असत आणि त्याची वर्गात एक पद्धत होती. ठरलेल्या सोमवारी सकाळी साडेसातला सर फळ्याशेजारी मुंबईतल्या देखण्या इमारतींची यादी लावत. जी हवी तिच्यासमोर आपलं नाव लिहायचं. एकदा नाव पडलं की ती इमारत त्याची. दुसऱ्यानं तिच्याकडे कॅमेरा रोखायचा नाही.

ही पद्धत कुणासाठी केली होती ते उघड आहे. गिरगावातला माझा वर्गमित्र दाढी करून, चहा पिऊन सात पंचविसाला हजर. माझी बस पुलावर बंद पडली. मी सव्वाआठला पोचलो तेव्हा सगळे घुमट, सगळ्या कमानी, घड्याळाचे मनोरेसुद्धा वाटले गेले होते. गिरगावकरानं दोन ठिकाणी नाव लिहिलं होतं.

"दोन कशाला रे?"

"एक राखीव. पहिलीला ऐनवेळी परांची बांधली तर?"

"मग राखीव मला दे. परांची बांधली तर परत घे."

"नाव पडलंय आता. कसं देऊ?"

महिनाभर तुझे फोटो मी धुऊन देतो म्हणालो. डबा अर्धा देतो म्हणालो. माझ्या आईच्या हातच्या डब्यावर हा माणूस वर्षभर जगला होता, तरी बधला नाही. शेवटी सर म्हणाले, "मग तू तुझ्या तिकडचीच घे एखादी. म्हणजे, आहे का काही तिकडे पाण्याच्या टाकीशिवाय?"

वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. "आहे की," मी म्हणालो, "आणि टाकीपण चांगली आहे."

बोलून बसलो. पण या फोटोंवर बरंच काही अवलंबून होतं. एक मोठे वास्तुविशारद आमची कामं बघायला येणार होते आणि ज्याचं काम आवडेल त्याला सुट्टीत आपल्या ऑफिसात फोटो काढायला ठेवणार होते. दुसरीकडे वडिलांनी वाशीजवळच्या पावणे गावातल्या त्यांच्या कंपनीत फोरमनशी बोलून ठेवलं होतं. "तिकडे काम मिळालं तर काढ फोटो," ते म्हणाले. "नाही मिळालं तर मेपासून माझ्याबरोबर डबा घेऊन निघायचं. पॅकिंगला." वडील बोलले की तो विषय संपलेला असे.

मी वाशीत इमारत शोधायला लागलो. आमच्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकाच नकाशावरून उठवलेल्या. आमचे एक पाहुणे समोरच्या बिल्डिंगमध्ये चहा-पोहे खाऊन, तब्येतीची चौकशी करून मग आमच्याकडे आले होते. तरी त्यातल्या त्यात एक बरी निवडली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवू." कमिटी कधी बसते? "अर्ज आले की." प्रत्येक गॅलरीत गोधड्या वाळत होत्या. मी तीन मजले चढून घरोघर सौदा केला: गोधडी काढा, फोटोची एक प्रत तुमची. सगळ्यांनी गोधड्या काढल्या आणि त्यांच्या जागी केस विंचरून, पावडर लावून सगळं कुटुंब उभं राहिलं. खाली मान घालून परत आलो.

मग पावण्याला वडिलांचा डबा पोचवायला गेलो असताना ती दिसली. एका कंपनीची नवी पांढरी इमारत. उन्हाला अडवायला काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्या सावल्या एकसारख्या तिरक्या. वॉचमननं गेटवरूनच हाकललं. मी नाल्याच्या पलीकडे गेलो, गावाच्या बाजूला. गावातलं शेवटचं घर कौलारू, पुढे सारवलेलं खळं, आणि त्या खळ्यातून कंपनी अशी समोर दिसे की मालकालाही कधी दिसली नसेल. जागा ठरली.

कलाशाळेचा मोठा लाकडी कॅमेरा मला एका रविवारपुरता मिळाला. सोबत तिपाई, डोक्यावर घ्यायचं काळं कापड आणि फिल्मचे सहा पत्रे. सहा म्हणजे सहाच फोटो. या कॅमेऱ्याच्या मागे काच असते आणि तिच्यावर समोरचं दृश्य उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली. त्याची सवय करावी लागते.

सकाळी आठला मी खळ्यात तिपाई रोवली, कापडाखाली शिरलो, कंपनी काचेवर आणली. पट्ट्या सरळ करत होतो तेवढ्यात काचेच्या वरच्या कडेनं एक हिरवं लुगडं चालत आलं आणि मधोमध थांबलं.

मी कापडातून डोकं काढलं. घराची मालकीण होती, पन्नाशीची, हातात केरसुणी.

"कोन रं तू? कनाला आयलास?"

"फोटो काढतोय, मावशी. जरा बाजूला व्हा."

"गेल्या वक्ताला पन तीन पायांचा घेऊन आयलं व्हतं. ते पन बोललं, मावशी बाजूला व्हा. मंग कागूद आला."

मी तिपाईकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या पट्ट्यातल्या गावांमध्ये तिपाई घेऊन येणारा माणूस एकच: मोजणीवाला. तो एका डोळ्यानं बघतो, खुंटी मारतो, निघून जातो. मग कागद येतो आणि भाताचं शेत जातं. समोरची पांढरी कंपनी उभी होती ते खाचर मावशींचंच होतं. आता घरांची मोजणी होणार अशी गावात बोलवा होती आणि मी तिपाईवर काळं कापड घेऊन आलो होतो.

"मावशी, हे मापायचं नाही. ह्यात बघा पाहिजे तर."

मावशींनी केरसुणी खाली ठेवली आणि कापडाखाली शिरल्या. मी कॅमेरा त्यांच्या घराकडे वळवला, म्हटलं खूश होतील.

आतून आवाज आला, "माजा घर उलटा कनाला केलास?"

"ते उलटंच दिसतं मावशी, सगळंच."

"आधी सरल कर."

"होत नाही."

"मंग उचल तुजा तीन पायांचा."

माझा पारा चढला. मी काच, भिंग, प्रकाश, सगळं सांगितलं. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर फतकल मारून बसल्या. घर उलटं दाखवणाऱ्या माणसाला कुणी खळ्यात का उभं करावं, हे मला आज पटतं. तेव्हा पटलं नव्हतं. पण रविवार एकच होता. मी चरफडत विचारलं, "घरात आरसा आहे?"

आरसा आला. काचेच्या खाली तो तिरका धरला आणि मावशींना वरून त्यात बघायला सांगितलं. आरशात घर सरळ झालं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "ह्याचा फटू निंगल?"

"निघेल."

"दारावरचा नंबर दिसंल?"

मला सौद्याचा वास आला आणि बरं वाटलं, कारण सौदा मला कळतो. त्यांना घराचा फोटो हवा होता. मोजणीवाले आले की घर आधीपासून इथंच आहे हे दाखवायला. मी म्हटलं, "एक फोटो घराचा. बाकी मी कंपनीचे काढणार."

"एक कसा? घराला चार बाजू हायत."

"पुढची बाजू पुरे. मागून कोण बघतं?"

"ते मागनंच येतात," मावशी म्हणाल्या. "न्हानी मापतात, गोठा मापतात. पुढं कोन येत नाय."

मी दोनवर आलो. मावशी चारवर. मी अडीचवर यायचाही प्रयत्न केला, म्हणजे कोपऱ्यातून दोन बाजू एकात. "अर्ध्या भिंती नको मना." पुढे आयुष्यात मी बिल्डरांशी घासाघीस केली, पण एकाच आकड्यावर इतकं शांत बसलेलं माणूस पुन्हा पाहिलं नाही. चार त्यांचे, दोन माझे, आणि आधी त्यांचे.

शिवाय प्रत्येक बाजूला ऊन हवं. मागच्या बाजूला सकाळी, दक्षिणेला दुपारी, पुढे चारनंतर. मी दिवसभर त्या घराभोवती सूर्याबरोबर फिरलो. मधल्या वेळात मावशींनी तांदळाची भाकर आणि सुकट वाढलं, म्हणून मला भांडताही येईना. उत्तरेला ऊन येतच नाही, तो फोटो तसाच काढला. माझी पाळी आली तेव्हा ऊन कंपनीच्या मागे गेलं होतं. पट्ट्या नाहीत, सावल्या नाहीत. दोन्ही फोटो धुतल्यावर सिमेंटच्या गोणीसारखे निघाले.

ते मी फेकले. घराचे चार पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवले आणि सरांपुढे ठेवले.

"हे काय? मी इमारत म्हटलं होतं."

"दार आहे, भिंती आहेत, वर कौलं आहेत. अजून काय लागतं, सर?"

सरांनी माझा पुठ्ठा दारामागच्या टेबलावर ठेवला, म्हणजे दार उघडलं की तो झाकला जाई.

वास्तुविशारद आले. घुमट पाहिले, कमानी पाहिल्या, गिरगावकराचा मनोरा पाहिला. "छान. याच्या मागे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मागे... मागे रस्ता असेल," गिरगावकर म्हणाला. तो मागे गेलाच नव्हता. राखीव इमारतीकडे तर फिरकलाही नव्हता, हे मला नंतर कळलं आणि त्या दिवशीही मला जेवण गेलं नाही.

निघताना वास्तुविशारद स्वतःच दार ओढून घ्यायला लागले आणि दारामागचा पुठ्ठा दिसला. ते थांबले. मागच्या बाजूच्या फोटोपाशी वाकून बघू लागले: न्हाणीचा दगड, पाणी जायची चर, भिंतीला नंतर केलेली डागडुजी. "या घरात लोक कसे राहतात ते इथं कळतं," ते म्हणाले. "पाठीमागून घ्यायचं कसं सुचलं?"

मी तोंड उघडलं. मावशींचं सगळं सांगणारच होतो. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. "मी सगळ्यांनाच सांगतो, चारी बाजू घ्या," सर म्हणाले. "ऐकतो हा एकटाच."

मी सरांकडे पाहिलं. काम सरांच्या शिफारशीशिवाय मिळणार नव्हतं आणि पावण्याला फोरमन वाट बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी भाव न करता गप्प बसलो. काम मला मिळालं. त्या गप्प बसण्याचं मात्र अजून दुखतं.

पुढच्या आठवड्यात मी प्रती घेऊन पावण्याला गेलो. मावशींनी एकेक प्रत उजेडाकडे धरली, आधी सरळ आहे ना बघितलं. नंबर वाचता येत होता. उत्तरेची बाजू बघून म्हणाल्या, "हित माजा घर आजारी दिसतं." मी सांगितलं, मावशी, तुमच्या चार बाजूंवर मला काम मिळालं. त्यांना त्याचं विशेष वाटलं नाही. त्या प्रती पुन्हा मोजत होत्या.

"वरचा कुठं हाय?"

"वरचा म्हणजे?"

"कौलांचा. कौलं नाय मापत?"

मी हात टेकले. वरून घ्यायचं तर उंच जागा हवी आणि उंच जागा एकच होती. निघालं असं की मावशींचा मुलगा त्याच पांढऱ्या कंपनीत कामाला होता. ज्या गेटवरून मला हाकललं होतं, त्याच गेटनं पुढच्या रविवारी तो मला उसन्या कॅमेऱ्यासकट गच्चीवर घेऊन गेला. हे आधी का नाही सांगितलं, असं मी मावशींना विचारलं होतं. "तू कुठं इचारलास?" त्या म्हणाल्या. "तू नुसता बाजूला व्हा, बाजूला व्हा."

गच्चीवरून गाव म्हणजे नुसती कौलं. कुठली कुणाची ते समजेना. मग खाली एका खळ्यात काहीतरी चमकलं, थांबलं, पुन्हा चमकलं. मावशी आरसा घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या घराचं छप्पर मला दाखवत होत्या.

त्या घरावर आता दोन मजले चढलेत आणि नंबर वर सरकलाय. त्या फोटोंनी मोजणीवाल्यांचं किती अडलं ते मला माहीत नाही; मावशी म्हणायच्या, चांगलं अडलं. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही इमारतीचे पाच फोटो काढतो आणि गिऱ्हाईक चारवर आलं तरी पाचावरून हलत नाही. पाचव्याबद्दल सर अजून कुठं बोललेले नाहीत. आता बोलतील.