गळ्यातलं कार्ड

ताडकळसच्या घरातली मागची खोली हेच धम्मशीलाचं ऑफिस. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ती तिथून फोनवर ऐकायची. नवरा सिद्धोधन सकाळच्या एसटीनं पालमला शाळेत शिकवायला जायचा. मग दीड वर्षाचं बाळ सांभाळायची सहा वर्षांची लेक करुणा. तिला धम्मशीलानं बजावून ठेवलं होतं, "गळ्यात कंपनीचं कार्ड हाय तवर मम्मी घरात न्हाई. हाक मारायची न्हाई, रडायचं न्हाई."

फोनवर लेकरांचा आवाज गेला म्हणून दोनदा ताकीद मिळाली होती. आज साहेब स्वतः तिचे फोन ऐकत होते. पुन्हा आवाज गेला की नोकरी गेली.

आणि आजच गिऱ्हाईक लय चिडकं निघालं. धम्मशीला गोड आवाजात "हो सर" म्हणत होती, पण एक कान दाराकडं होता. बाहेर बाळ किरकिरायला लागलं. दात यायलेत, आता भोकाड पसरणार, असं वाटतंय तोच ते एकदम चूप झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकाचं संपेना, आणि बाहेर चिटपाखराचा आवाज नाही.

फोन संपताच तिनं धाडकन दार उघडलं.

करुणा उंबऱ्याशी बसली होती. मांडीवरचं बाळ तिनं तोंडात दिलेलं बोट कडकडून चावत होतं. बोटातून रक्त येत होतं. पोरीचे डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले.

"अगं, काय झालं?"

करुणा आईच्या गळ्याकडंच बघत राहिली.

धम्मशीलानं कार्ड ओढून काढलं, तेव्हा कुठं लेकीनं हंबरडा फोडला.