परबनानांचं परडं

परबनाना रोपांशी बोलायचे, आणि तेही ओरडून. उभा जन्म गिरणीच्या साचेखात्यात गेलेला. मागांच्या खडखडाटात हळू बोलून कोणाला ऐकू जाणार? संपात गिरणी सुटली, पण आवाज तस्साच राहिला. पपईला दिलेली शिवी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या वर्गात स्पष्ट ऐकू यायची आणि मुलं वनस्पतिशास्त्र सोडून खिडकीशी धावायची.

परळला आमच्या विद्यापीठाच्या इमारतीमागे आम्ही 'सामुदायिक अन्नवन' सुरू केलं होतं. लालबागच्या चाळींतल्या लोकांनीही यावं, लावावं, खावं अशी कल्पना. नाना पहिल्याच दिवशी आले, फलक वाचला आणि म्हणाले, "म्हणजे परडा! मगे तसा सांगा मां." कोकणात घरामागच्या परसबागेला परडं म्हणतात; त्या दिवसापासून ते परडंच झालं.

पहिल्या पावसाळ्यात माझ्या विद्यार्थ्यांनी मोठ्या उत्साहाने तण उपटलं. नानांनी तो ढीग पिशवीत भरून नेला. दुसऱ्या दिवशी डबा आणून माझ्यासमोर आपटला. "तुमी उपटून टाकलास तो कचरो. खावा!" टाकळ्याची भाजी होती, वर भरपूर खोबरं. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेने मान खाली घालून दोनदा वाढून घेतली.

मग तिथे वाहनतळ करायचं घाटू लागलं. कुलसचिव समिती घेऊन पाहणीला येणार होते. माणूस करडा, भाषा पुस्तकी, हसल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. मी आकृत्या आणि तक्ते घेऊन तयार होते. नाना नारळ घेऊन तयार होते.

"आधी गाऱ्हाणा," नाना म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत हात जोडून सुरूच झाले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या परड्यात मोठी माणसा इली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीतल्या बायका, पहारेकरी, सगळे एका सुरात. कोकणात देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याला सगळ्यांनी होकार द्यायचा असतो, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

"आणि हंय गाड्यो लावूचो इचार कोणाच्या मनात इलो आसात, तर तो मुळासकट उपटून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कुलसचिवांचा होता. त्यांनी बूट कधी काढले, हात कधी जोडले, त्यांनाही कळलं नसावं. समितीतले दोघे त्यांच्याकडे बघतच राहिले. साहेब कानापर्यंत लाल झाले. पण देवासमोर दिलेला होकार मागे घेण्याची कोकणी माणसाची काय बिशाद! प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा चावत त्यांनी फाइलवर लिहिलं, 'वाहनतळासाठी अन्यत्र जागा शोधावी.'

ते गेल्यावर मी हसून हसून बेजार झाले. "नाना, साहेब कोकणातले हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाय गो बाय." नाना कट्ट्यावर बसले. "संपात वरसभर गेटार घोषणा दिलंय. मालक एकदा पण 'व्हय' म्हणाक नाय. माका वाटला, मरासर ता कोणा सायबाच्या तोंडातसून ऐकूक मिळूचा नाय."

माझं हसू तिथेच थांबलं. मी त्यांच्याशेजारी बसले आणि उरलेल्या खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.